सत्तेचाळीस रिकामी घरं

आमच्या घरात दोन क्लॅरोनेट होती आणि ती कायम एकाच वेळी वाजायची. एक अप्पांचं, एक माझं. अप्पा म्हणजे माझे वडील, लग्नाच्या बँडचे मास्तर. बँड मूळचा चांदवडचा. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहायला आलो तरी ढोल, ट्रंपेट आणि लाल कोट चांदवडच्या दुकानातच राहिले, आणि लग्नाची तीथ असली की अप्पा सकाळच्या एसटीने तिकडे जायचे.

बँडमध्ये क्लॅरोनेट म्हणजेच गाणं. बाकीचे दणका देतात, ठेका धरतात, पण नवरदेवाच्या मामाला जे गाणं हवं असतं ते क्लॅरोनेटमधूनच निघतं. त्यामुळे ते थांबत नाही. अप्पांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं ते हेच. "दम घ्यायचा, पण घेतला हे कोणाला कळता कामा नाय." बँड गप्प झाला की पुढे नाचणारी सगळी माणसं मागे वळून बघतात. एकदा भर वरातीत अप्पांच्या क्लॅरोनेटची रीड, म्हणजे तोंडाकडची वेताची पट्टी, तुटली होती आणि गाणं अर्धं मिनिट बंद पडलं होतं. ते अर्धं मिनिट अप्पांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला ते स्वतःचंच वाटतं. दीडशे माणसं वळून बघत होती, असं ते म्हणायचे. कधी कधी दोनशे म्हणायचे.

मी वाजवायला शिकले ती चुकून. अप्पा चुलतभावांना शिकवायला बसले होते. ते एकेक करून उठून गेले आणि मी बसून राहिले. पण मुलगी वरातीत वाजवत नाही. तसा कुठे नियम लिहिलेला नाही, पण तो लिहायची कधी गरजही पडली नाही. बँडचा लाल कोट माझ्या मापाचा कोणी शिवला नसता. तेव्हा मी पुढच्या खोलीत अप्पांसमोर बसून वाजवायची, ते जे वाजवतील तेच, त्यांच्याबरोबर. चोविसाव्या वर्षापर्यंत अप्पांखेरीज एकाही माणसाबरोबर मी एक सूर लावला नव्हता. याचं मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. राग कोणावर काढायचा ते कळायचं नाही, म्हणून तो कुकरवर निघायचा.

म्हणूनच ती जाहिरात बघितल्यावर मी ती सात-आठ वेळा वाचली. मुंबईतल्या एका शिकाऊ ऑर्केस्ट्रात दुसऱ्या क्लॅरोनेटची एक जागा होती. वय पंचवीसपर्यंत. मुलगा पाहिजे, मुलगी पाहिजे, काहीच म्हटलं नव्हतं. ऑडिशन तीन महिन्यांनी. पाच रेघांवरचं परदेशी नोटेशन मी मोबाईलवर बघून दोन वर्षं शिकत होते. का शिकत होते ते मला त्या दिवशी कळलं.

घरात सांगितलं आणि गोंधळाला सुरुवात झाली. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवापुढे होतो तो, निवेदकाचे विनोद आणि जुनी सिनेमाची गाणी. आईला वाटलं मी चमकीच्या पदराची साडी नेसून उभी राहणार. तिची समजूत काढली तर अप्पांचं वेगळंच.

"दुसरा क्लॅरोनेट? पहिला का नाय?"

"पहिल्याची जागा भरलेली असेल."

"मग दुसरा करतो काय? गाणं तर पहिलाच वाजवणार."

मी अंदाजाने म्हटलं, तो पहिल्याला मदत करतो. अप्पांना ते पटलं नाही. त्यांच्या बँडमध्ये मदतीची कोणाला गरज पडत नसे.

जाहिरातीत खाली लिहिलं होतं की उमेदवारांनी अमुक एका सिंफनीच्या दुसऱ्या खंडाचा आपला पार्ट तयार करून यावं. सिंफनी म्हणजे पन्नास-साठ वाद्यांची मोठी रचना, तिचे चार खंड, इतपत मला ठाऊक होतं. पण पार्ट म्हणजे काय आणि तो मिळतो कुठे? मी त्यांना ई-मेल केली. उत्तर एका ओळीचं आलं: पार्ट उमेदवारांनी स्वतः मिळवायचे आहेत. म्हणजे मी विचारलेला प्रश्नच त्यांनी टाय लावून परत पाठवला होता.

नाशिकमध्ये वाद्यांची दुकानं आहेत. तिथे तबल्याच्या वाद्या मिळतात, हार्मोनियमचा भाता बदलून मिळतो. मी पार्ट मागितल्यावर एका दुकानदाराने फार आस्थेने विचारलं, "कुठला पार्ट खराब झालाय?" तिथून मी सरळ घरी आले.

शेवटी इंटरनेटवर एक जागा सापडली जिथे जुन्या रचनांची पानं फुकट उतरवून घेता येतात. ती उघडली आणि डोकंच चालेना. एकाच सिंफनीखाली पन्नास फाइली. काही जर्मनमध्ये, काही इटालियनमध्ये, काही नुसत्या आकड्यांच्या. मला त्यात क्लॅरोनेटसारखं दिसणारं एक नाव दिसलं, ते मी उतरवलं आणि वाजवायला बसले. चार दिवस वाजवलं. सगळा मिळून सा आणि प, मधे कुठे तरी एखादा ग. पाचव्या दिवशी अप्पा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "यात गाणं कुठंय?" मी परत शोधाशोध केली तेव्हा कळलं की तो ट्रंपेटचा कागद होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा ट्रंपेटवाल्याचं काम मी चार दिवस इमानेइतबारे करत होते.

मग मला सगळ्यात मोठी फाइल सापडली. तिला स्कोअर म्हणतात. त्यात सगळी वाद्यं एकाखाली एक रचलेली असतात, वरती बासऱ्या, मधे क्लॅरोनेट, तळाला व्हायोलिनं, आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा माणूस ती बघून सगळ्यांना चालवतो. क्लॅरोनेटची ओळ तिथे स्पष्ट होती. मला इतका आनंद झाला की क्लॅरोनेटच्या वेगळ्या कागदाची फाइल तिथे आहे का, हे मी पुढे बघितलंच नाही. होती का नव्हती, मला आजही सांगता येणार नाही.

झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईने विचारलं, "पाठपोट करू का?" मी हो म्हटलं. कागद वाचतो, बरं दिसतं. घरी आल्यावर लक्षात आलं की प्रत्येक पानावर बारा-चौदा ओळी, त्यातली आपली एक, आणि ती ओळ संपायच्या आत पान उलटायची वेळ. दोन्ही हात वाद्यावर. मी तोंडाने पान उलटून बघितलं, तेही केलं.

उपाय अप्पांनी काढला. मला तो तेव्हा फार हुशारीचा वाटला होता, हे कबूल करते. ते म्हणाले, "आपली तेवढी ओळ कापून घे आणि वहीत चिकटव." बँडची गाणी त्यांच्याकडे अशीच वहीत होती, सारेगममध्ये, एकाखाली एक. त्यात काही गैर नव्हतं. फक्त पाठपोट कागद कापला तर मागची ओळ जाते, म्हणून मला परत दुकानात जावं लागलं. ताईने या वेळी काही विचारलं नाही, एकाच बाजूला छापून दिलं.

मोठी लांबट वही आणली, डिंकाची बाटली आणली. अप्पा कातरी चालवायचे, मी चिकटवायची. क्लॅरोनेटच्या एका ओळीवर दोघांचे सूर होते. दांडी वर असलेले पहिल्याचे आणि दांडी खाली असलेले दुसऱ्याचे. हे कळायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. तोवर अप्पांचं मत होतं की दोन्ही एकीनेच वाजवायचे असतील आणि त्यासाठी परदेशात वेगळं क्लॅरोनेट मिळत असेल. कळल्यावर मी दुसऱ्याच्या सुरांवर लाल पेनाने टिंबं दिली.

उभ्या रेघांनी ओळीचे खण पाडलेले असतात. प्रत्येक खणात चार मात्रा. आम्ही दोघं त्यांना घरं म्हणायला लागलो. काही घरांत सूर होते आणि पुष्कळ घरं रिकामी होती, आत नुसती एक छोटी काळी फळी लटकवलेली. म्हणजे इथे गप्प बसायचं, हे मला माहीत होतं. ते माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. काही पानांवर तर क्लॅरोनेटची ओळच नव्हती. जे वाद्य पानभर गप्प असतं त्याची ओळ छापतच नाहीत, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, या पानाशी आपला संबंध नाही.

अप्पांनी रिकाम्या घरांची पहिली पट्टी कापली, हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"हे पण चिकटवायचं?"

"त्यात काही वाजवायचं नाहीये."

"मग जे वाजवायचंच नाय त्याची तयारी काय करायची?"

मला ते पटलं. आपण गाण्याचा सराव करतो. गप्प बसण्याचा सराव कोण करतं? पट्ट्या बाजूला पडत गेल्या. सूर सुरांना चिकटत गेले. वही तयार झाली तेव्हा अख्ख्या खंडाची मिळून साडेतीन पानं झाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, कुठेही उसंत नाही. अप्पांनी ती हातात तोलून बघितली आणि म्हणाले, "आता झालं गाणं."

पुढचे दोन महिने मी ते गाणं वाजवलं. चाल विचित्र होती. एक सुरावट निघायची आणि पूर्ण व्हायच्या आत दुसरीच सुरू व्हायची. मूळ सिंफनी मोबाईलवर ऐकली तर मला माझं वाजवणं त्यात कुठे सापडायचंच नाही. मधेच एकदा वाटायचं, हं, हे आपलं, आणि तोवर ते गेलेलं असायचं. मला वाटलं माझा कान कच्चा आहे. अप्पा म्हणाले, रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी आपला आवाज बारीक ठेवलाय. आम्ही दोघं मिळून वाजवायचो. सवयीने ती चाल आम्हाला गोड वाटायला लागली. आई भाजी निवडताना ती गुणगुणायची. जगात ती चाल फक्त आमच्या घरात होती.

ऑडिशनच्या दिवशी मोठी तीथ होती, अप्पांना सुटणं शक्य नव्हतं. मी एकटीच बसने गेले. एका शाळेचा हॉल होता, आणि तिथे काठी घेऊन उभ्या असलेल्या बाई मराठी बोलणाऱ्या निघाल्या म्हणून मला धीर आला. आधी एकटीने वाजवायचं होतं. त्यांनी सांगितलेले दोन तुकडे मी वाजवले. आवाज मोठा होता, बाईंनी दोनदा हाताने खाली खाली केलं, पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सूर छान भरलेला आहे. कुठे शिकलात?" मी म्हटलं, घरी. मग त्यांनी मला इतर वादकांमध्ये, मागच्या रांगेत, पहिल्या क्लॅरोनेटवाल्याशेजारी बसवलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एवढ्या माणसांत वाद्य घेऊन बसले होते. मला पळून जायचं होतं आणि मला तिथून कधीच उठायचं नव्हतं. दोन्ही एकदम.

बाईंनी काठी उचलली. व्हायोलिनं सुरू झाली. मला आश्चर्य वाटलं, कारण आमच्या वहीत पहिल्याच घरात सूर होता आणि शेजारचा माणूस तर वाद्य मांडीवर ठेवून बसला होता. मला वाटलं, त्याचं लक्ष नाही. मी घेतलं. अप्पांनी शिकवलं तसं, छाती भरून. मी वाजवत गेले आणि काहीच जुळेना. माझ्या सुरांखाली भलतंच काही चाललं होतं. मग मी बँडवाल्याची मुलगी जे करेल ते केलं. थांबले नाही. गाणं तुटू दिलं नाही. व्हायोलिनं एकेक करून गप्प झाली, आणि पुढच्या सगळ्या रांगा मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

अप्पांची ती दीडशे माणसं मला त्या दिवशी दिसली. फरक एवढाच की ती अप्पांकडे गाणं थांबलं म्हणून बघत होती.

बाई माझ्याजवळ आल्या, वही उचलली. पानं उलटली, डिंकाने आलेल्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं. कोणीतरी हसलं, त्यांनी तिकडे बघितल्यावर थांबलं.

"बाकीचं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ते रिकामं होतं, मॅडम."

मग त्यांनी कपाटातून एक पातळ कागद आणून माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्या क्लॅरोनेटचा पार्ट. फक्त त्याचाच. अडीच पानं, व्यवस्थित छापलेली, आणि सुरांच्या मधे मधे एकेक जाड काळी आडवी रेघ, तिच्यावर आकडा. बारा. नऊ. सव्वीस. बाईंनी माझ्या वहीत दोन पट्ट्या जिथे जोडल्या होत्या त्या फटीवर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे सत्तेचाळीस होते."

त्यांनी मला पुन्हा एकदा वाजवायला दिलं, नवा कागद समोर ठेवून. बारा मी मोजले, नऊ मोजले. सत्तेचाळीसात हरवले. माझी निवड झाली नाही, आणि ते बरोबरच होतं. जाताना त्यांनी त्या पार्टची झेरॉक्स मला दिली. "पुढच्या वर्षी या, खंड हाच असेल," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी पंचवीसची होणार होते, म्हणजे ती शेवटची वेळ. मी बसमध्ये रडले नाही, कारण शेजारी बसलेल्या काकू आधीच माझ्याकडे बघत होत्या. घरी येऊन न्हाणीघरात रडले.

अप्पांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले.

"गप्प बसायचं असं आकडे घालून लिहितात व्हय? आणि गप्प बसायला मुंबईपर्यंत कशापायी जायचं? इथं घरात बस की गप्प."

मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. ते उठून बाहेर गेले. नंतर दोन दिवस त्यांनी क्लॅरोनेटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो छापील पार्ट माझ्याकडे मागितला आणि चष्मा लावून बसले.

"हे सत्तेचाळीस म्हणजे चार चार मात्रांची सत्तेचाळीस घरं?"

"हो."

"आणि अठ्ठेचाळिसाव्याला घ्यायचं."

"हो."

"रिकामी घरं मी कापली," ते म्हणाले.

ते वर्ष आम्ही गप्प बसायला शिकण्यात घालवलं. मोबाईलवर सिंफनी लावायची, मी क्लॅरोनेट मांडीवर घेऊन बसायची, अप्पा समोर. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासारखं कठीण काही नाही. पहिला महिना तर अप्पांनाच राहवायचं नाही. व्हायोलिनांची चाल सुरू झाली की दहाव्या घरापर्यंत ते कसेबसे तग धरायचे आणि मग त्यांचं क्लॅरोनेट आपोआप तोंडाला लागायचं. आई आतून म्हणायची, "अहो, तिला मोजू द्या." मग त्यांनी आपलं वाद्य खोक्यात बंद करून आईकडे ठेवायला दिलं.

मोजण्याची रीतही त्यांनीच शोधली. एका हाताच्या चार बोटांची पेरं बारा. अंगठा पेरापेराने फिरवायचा. चार फेऱ्या म्हणजे अठ्ठेचाळीस. शेवटच्या पेराच्या आधी श्वास भरून घ्यायचा आणि शेवटच्या पेरावर सूर. वाद्य मांडीवर असताना उजवा हात मोकळाच असतो. रीत उत्तम होती. पण माझं तिसऱ्या फेरीत सुटायचं. एकतिसावं की बत्तिसावं, तिथेच, दर वेळी. कारण तिथे व्हायोलिनं ती चाल वर नेतात आणि लहानपणापासून मला शिकवलं होतं ते एकच, गाण्यामागे जायचं. मी गाण्यामागे गेले की आकडे हातातून सांडायचे. दहा वेळा बसलं तर सात वेळा चुकायचं. हे मी अप्पांना कधी पूर्ण सांगितलं नाही. ते समोर अंगठा फिरवत बसलेले असायचे आणि अठ्ठेचाळिसाव्याला हनुवटी किंचित वर उचलायचे. बँडमध्ये मुखड्यावर परत यायचं झालं की ते तशीच उचलतात आणि मागचे सगळे त्यावर येतात. मी ती हनुवटी बघून घ्यायची. मला वाटतं, त्यांना वाटायचं की मी मोजतेय.

दुसऱ्या ऑडिशनला तीथ नव्हती. अप्पा बरोबर आले, इस्त्रीचा सदरा घालून. हॉलच्या दाराला वरच्या भागात काच होती आणि बाहेर व्हरांड्यात बाकडं. उमेदवाराच्या माणसांनी बाहेर थांबायचं होतं. ते बाकड्यावर बसले. मी आत गेले.

एकटीचं वाजवणं झालं. बाईंनी मला ओळखलं, वही आणली का म्हणून विचारलं, मी पार्ट दाखवला, त्या हसल्या. मग मागच्या रांगेत. काठी उठली. बारा मोजले, आले. नऊ मोजले, आले. मग जाड रेघ आणि सत्तेचाळीस.

मी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत व्हायोलिनं वर गेली आणि मी त्यांच्यामागे गेले, आणि परत आले तेव्हा माझा अंगठा मधल्या बोटावर होता आणि तो तिथे कधी आला आणि किती घरं तिथेच थांबला ते मला माहीत नव्हतं. एकतीस होतं की चौतीस? मी एक आकडा धरला, तो खोटा वाटला, सोडला, दुसरा धरला. शेजारचा पहिला क्लॅरोनेटवाला तिथे माझ्याबरोबर येत नाही, त्याला पुढे अजून गप्प बसायचं असतं, त्यामुळे त्याच्याकडे बघून उपयोग नव्हता. मला एवढंच कळत होतं की थोड्या वेळाने एक जागा येणार आहे, ती माझी आहे आणि ती कुठली ते मला कळणार नाही. मग आयुष्यभर पुढची खोली.

मी दाराकडे बघितलं. काचेतून अप्पा दिसत होते. ते बसलेले नव्हते, उभे राहून काचेला जवळजवळ चिकटले होते. हात छातीशी होता, अंगठा बोटांवर. डोळे मिटलेले. आत काय वाजतंय ते त्यांना तिथे कितपत ऐकू येत होतं कोण जाणे. मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही. कागदाकडे नाही, बाईंच्या काठीकडेही नाही. मी क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि थांबले.

अप्पांची हनुवटी वर उचलली गेली.

मी घेतलं. सूर लागला आणि व्हायोलिनांच्या खाली जाऊन बसला, गेलं वर्षभर जागा धरून ठेवल्यासारखा. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. पुढच्या रांगेतल्या एकाही माणसाने मागे वळून बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये मला बोलायचं होतं, पण काय सांगायचं? की मी मोजलं नाही? अप्पा खिडकीची काच धरून बसले होते. घाट लागला, इगतपुरी गेलं, तरी बोलले नाहीत. मला वाटलं थकले असतील. त्यानंतर आठवडाभर ते तसेच होते. जेवणात लक्ष नाही, वरातीच्या एका सुपारीला नाही म्हणाले. आईने मला विचारलं, काय झालंय यांना? मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी मेल आली. निवड झाली होती. मी ती तीनदा वाचली, मग अप्पांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "दुसराच ना?" मी म्हटलं, दुसराच. ते खाली बसले, अगदी फरशीवर, भिंतीला टेकून.

"तू दारातून माझ्याकडं बघत होतीस," ते म्हणाले. "मी डोळे उघडले तर तू माझ्याकडंच बघत होतीस. तुझं सुटलं होतं ना?"

"हो."

"माझ्या मानेवर घेतलंस."

"हो, अप्पा. तुम्ही मोजत होता म्हणून."

त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"माझं पण सुटलं होतं," ते म्हणाले. "चाळीसच्या आसपास. पार गेलं. नऊ दिवस झोप नाय मला. म्हटलं पोरीचं लय वाटोळं केलं, एकदा कातरीनं आणि एकदा मानेनं."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. मला काहीच कळेना.

"मग मान कशी उचललीत?"

"मी नाय उचलली," अप्पा म्हणाले. "गाणं फिरून आलं, आपोआप उचलली गेली."